वूचांगच्या मुली

देवव्रत गर्गे पुण्यात चिनी शिकले ते नोकरीसाठी नव्हे. विद्यापीठाकडून ते आठशे मीटर धावत, आणि शंभर वर्षांपूर्वी चीनमधल्या विद्यार्थ्यांनी मैदानातही देशाचा प्रश्न कसा आणला, या विषयाचं त्यांना वेड लागलं होतं. प्रबंध अर्धवट राहिला. लग्न झालं, धवल झाला, आणि दोह्यातल्या चिनी इंजिनियरांना दुभाष्या हवा होता म्हणून ते इथे आले. प्रकल्प खलास झाला तसे इंजिनियर परत गेले. गर्गे सुटे भाग मागवणाऱ्या एका कंपनीत चिकटले. धवलच्या अकरावीसाठी बायको मालविका त्याला घेऊन नाशिकला गेली, तेव्हापासून दोह्याच्या अल हिलाल भागातल्या फ्लॅटमध्ये ते एकटे होते. चिनी रोज बोलायचे, पण व्हॉल्व्ह आणि बेअरिंगबद्दल. मराठी फोनवर, आणि तिथेही धवल उत्तर इंग्रजीत देई.

गेल्या हिवाळ्यात मराठी मंडळाच्या गिरीशने त्यांना त्या जुन्या प्रबंधाच्या विषयावर बोलायला बोलावलं. गर्गे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. ते सांगू लागले: चीनमधल्या सुरुवातीच्या खेळांच्या स्पर्धा परदेशी मिशनवाले भरवत, कारभार इंग्रजीत चाले. १९१९ मध्ये पॅरिसच्या तहपरिषदेत चीनच्या शानतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क जपानला देण्याचं ठरलं, तेव्हा बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तेच वारं पुढे मैदानात शिरलं. आपल्या स्पर्धा आपणच भरवायच्या, असं तरुण म्हणू लागले, आणि १९२४ ला वूचांग शहरातल्या राष्ट्रीय स्पर्धेत ते घडलं. गर्गे रंगात आले होते, पण मागे जेवणाच्या प्लेटा वाजू लागल्या. एकाने सीमेवरच्या सैन्याबद्दल विचारलं, दुसऱ्याने स्वस्त मोबाइलबद्दल. लोक हसले. गर्गेही हसले.

मग शेवटच्या रांगेतून एक बाई उठल्या. सुमैया काझी, मूळ रत्नागिरीच्या, इथल्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका.

"सर, ह्यात मुली होत्या का?"

"मला ठाऊक नाही," गर्गे म्हणाले. "मी कधी शोधलंच नाही."

त्या दिवसापासून त्यांच्या सुट्ट्या लायब्ररीत जाऊ लागल्या. कित्येक वर्षांत कुणी त्यांना त्यांच्या विषयातलं काही विचारलं नव्हतं. आणि सापडलं. वूचांगला मुली खेळल्या होत्या, पण केवळ प्रात्यक्षिक म्हणून. संघांच्या एकूण गुणांत त्यांचे गुण धरले नव्हते. त्यांनी मालविकाला फोन केला. ती धवलच्या क्लासच्या गडबडीत होती, संध्याकाळी बोलू म्हणाली. मग गिरीशकडे सुमैयाबाईंचा नंबर मागितला, तेव्हा कळलं की आई आजारी म्हणून त्या नोकरी सोडून रत्नागिरीला गेल्या.

गर्ग्यांनी त्यांना सापडलेलं सगळं सांगणारा व्हॉइस मेसेज पाठवला. बोलता बोलता तो लांबला.

उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. सुमैयाबाई आता गावच्या शाळेत शिकवत होत्या, मेसेज त्यांनी मुलींना ऐकवला होता. "मुली विचारतायत, जिंकलं कोण?"

गर्ग्यांनी लिहिलं, अजून सापडलेलं नाही, शोधतो. मेसेज वाचला गेल्याची निळी खूण उमटली. पुढे काही आलं नाही.

ते अजून शोधतायत. लायब्ररीतल्या बाई त्यांना पाहून ओळखीची मान हलवतात. संध्याकाळी फ्लॅटवर परतताना ते कधी कधी चिनीत, स्वतःशीच, मुलींचा तो प्रश्न म्हणून बघतात.