डब्यातलं दहा ओळींचं पान

भाषा हेच माणसाचं खरं घर, असं आमच्या नाशिकच्या शाळेत जिन्यासमोरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी होती आणि ती गळायची, त्यामुळे 'खरं' आणि 'घर' यांच्यामध्ये बारमाही शेवाळ असे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा सहावीत होते, आणि माझं घर एसटीने अडीच तासांवर, कळवणच्या पुढे, कांद्याच्या वावरात होतं.

गाव सोडलं त्या सकाळी आई रडली नाही. ती कंडक्टरला डब्याबद्दल सांगत होती: "आडवा करू नका भाऊ, रस्सा हाय." नाशकात आत्याकडे राहायचं, पण खायचं घरचं, असं आबांनी, माझ्या वडिलांनी, ठरवलं होतं. त्यामुळे उद्यापासून याच गाडीने माझा डबा येणार आणि रिकामा दुसऱ्या दिवशी परत जाणार होता. गाडी हलली तेव्हा आईला मी आठवले. खिडकीखाली येऊन ती म्हणाली, "रिकामा डबा माघारी धाडू नको."

तुमच्यापैकी ज्यांनी असे डबे भरले आणि ज्यांनी ते स्टँडवर उतरवून घेतले, त्या सगळ्यांना ही रीत माहीत आहे. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. पण अकरा वर्षांच्या मुलीकडे घालायला काय असतं? साखर आत्याची होती आणि आत्याच्या घरात मी आधीच एक जास्तीची वस्तू होते.

माझ्याकडे रोज एकच गोष्ट तयार व्हायची. आमच्या मराठीच्या बाई रोज सुट्या कागदावर दहा ओळी घरून लिहून आणायला लावत. शनिवारी पुढच्या सहा दिवसांचे विषय फळ्यावर पडत: सूर्योदय, गोदाकाठची सकाळ, आदर्श नागरिक, असे. तपासलेलं पान मी घडी करून डब्यात घालू लागले. आबा चौथी शिकलेले. ते बोट ठेवून आईला पान वाचून दाखवत. आई स्वतः शाळेत गेली नव्हती. आठवड्याभरात आबांनी निरोप धाडला, "पान येतंय तवर शिक. पान नाय आलं, तर मी घ्यायला येईन." आबा विनाकारण बोलत नसत.

बाईंना भारदस्त भाषा आवडे. 'निसर्गाने मुक्त हस्ताने उधळण केली आहे' असं लिहिलं की लाल शाईत 'छान' मिळे. सूर्योदय मी वर्गातल्या कुणापेक्षाही जास्त पाहिले होते, पण आमच्याकडे त्याचा अर्थ वाफ्यात उतरायची वेळ झाली, एवढाच होता. त्यात उधळण कुणी केल्याचं आठवत नव्हतं. तरी मी ती केली. मग लक्षात आलं की उधळण करायला त्या दिवसाची काही गरज नसते. मी रविवारी दुपारी बसून सहाही पानं लिहून टाकू लागले आणि रोज एक देऊ लागले. बाईंना काहीच कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी डब्याबरोबर आबा उतरले. "पिशवी भर," ते म्हणाले. "आईनं धाडलंय."

"पण पानं येतात ना रोज?"

"तिनं सहा पानं वळीनं मांडली खाटेवर. म्हणती, सोमवारच्या वळी सरळ, शनिवारच्या वाकड्या. कांद्याचं रोप एका दमात लावलं का असंच होतं, शेवटच्या वाफ्याला कंबर मोडती. पोरगी एका दमात लावतीया, म्हणती. रोजचं रोज काय करती मग तिथं?"

आबांनी खिशातून एक कोरा कागद काढला. तो त्यांनी गावाहून आणला होता, म्हणजे फैसला अजून व्हायचा होता. "आजचं लिही. इथंच. आईला दावतो."

स्टँडच्या बाकावर मी लिहिलं. आत्याकडे पहाटे चारला पाणी येतं आणि ते मला भरावं लागतं. मी 'लय' म्हटलं की वर्ग हसतो. माझ्या बाकावर कोणी बसत नाही. डबा मी टाकीमागे एकटी खाते. मला करमत नाही. दहावी ओळ होती: तरी मला परत यायचं नाही.

आबा इतके सावकाश वाचत होते की परतीच्या गाडीच्या कंडक्टरने दोनदा हाक मारली. मग त्यांनी घडी केली, कालच्या रिकाम्या डब्यात पान ठेवलं आणि एकटेच गाडीत चढले. खिडकीतून म्हणाले, "उद्याचं उद्या लिहायचं."

दुसऱ्या दिवशी डबा जड होता. दोन भाकरी जास्तीच्या आणि शेंगदाण्याची चटणी दुप्पट. त्या आठवड्यात माझ्या बाकावर एक मुलगी बसायला आली. शहरातली मैत्री निखळ असते की नाही हे मला सांगता येणार नाही. माझी तिखट होती आणि ती अजून टिकली आहे.

आता मी नाशकातच द्वारका चौकाजवळ राहते. तो चौक ओलांडायला लागतो तेवढ्या वेळात पूर्वी आमची गाडी दिंडोरी गाठायची. आबा नाहीत. लेक सातवीत आहे आणि तिचा भाषेचा सराव मोबाइलवर चालतो. रोज दहा ओळी टाइप केल्या की चांदण्या पडतात. सगळ्या ओळी सरळ येतात, शनिवारीसुद्धा. ती लिहिताना कुठे थकली असेल, हे मला त्यांवरून ओळखता येत नाही. गेल्या आठवड्यात विषय होता, 'घर म्हणजे काय?' मी तिला म्हटलं, हे एवढं कागदावर लिही. तिने कुरकुरत लिहिलं. चौथ्या ओळीपासून अक्षर उतरू लागलं, तेव्हा मला बरं वाटलं.

आईचा चटणीचा डबा अजून त्याच गाडीने येतो. परत पाठवताना त्यात ते पान घातलं, आणि मला वाटलं, घर म्हणजे बहुधा हेच: जिथे न वाचताही तुमचं लिहिणं ओळखतात. रात्री फोन केला. आई काय म्हणते याची मला फार उत्सुकता होती.

"पान पोचलं," आई म्हणाली. "झाकण दुसऱ्याचं हाय."

मी ओट्यावर पाहिलं. आईच्या डब्याचं झाकण इथेच होतं.