एवढं पीप संपवा

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात मी आणि माझी सासू सुलतानपूरजवळ रस्त्याच्या कामावर होतो. मला त्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. बायांनी घमेल्यानं गिट्टी पसरायची, पुरुषांनी तिच्यावर उकळतं डांबर ओतायचं, मागून रोलर फिरायचा. पाय भाजू नयेत म्हणून आम्ही पायांना गोणपाट गुंडाळत असू. तरी भाजायचेच.

भाकर खाऊन पुन्हा कामाला लागलो होतो. मेहकरकडून एस्टी आली आणि आमच्याजवळ थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून मुकादमाला काहीतरी सांगितलं. मुकादमानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पंतप्रधान गेले," तो आम्हाला म्हणाला. "रेडिओवर सांगितलं. काम बंद करा."

हातातलं घमेलं कुठं ठेवावं, मला कळेना. भट्टीवरचा माणूस म्हणाला, "डांबर उकळून राह्यलं, मुकादम. आता सोडलं तं पिपातच गोठून जाईल."

मुकादमानं भट्टीकडं पाहिलं. "एवढं पीप संपवा," तो म्हणाला. "मंग बसा."

आम्ही पुन्हा गिट्टी उचलली. रोज कामावर कोणी ना कोणी बोलायचं, हसायचं, पाणीवालीला हाका मारायचं. तेव्हा नुसता रोलरचा आवाज होता. एस्टीतली माणसं उतरून कडेला उभी होती. एक बाई पदर तोंडाला लावून रडत होती. धोतरवाले एक म्हातारे गृहस्थ सासूजवळ येऊन म्हणाले, "आजच्या दिवशी तरी काम करावं का, बाई?"

"आम्हीबी बसनारच हावो, बापू," सासू म्हणाली. "एवढं झालं का बसतो."

 ते आमच्याच माठातलं पाणी पिऊन गाडीत जाऊन बसले.

पीप संपायला बराच वेळ लागला. मग आम्ही दोघी निंबाखाली टेकलो. मी तिच्या पायांचं गोणपाट सोडू लागले. तिचे डोळे भरले होते. कधी न पाहिलेल्या माणसासाठी ही रडते, याचं मला नवल वाटलं.

"आत्याबाई, लय वाईट वाटलं का तुमाले?"

"वाईट तं वाटलंच," ती म्हणाली. "पन हे रडू त्याचं हाय का थकल्याचं, मलेच समजून नाही राह्यलं." मग म्हणाली, "तुहा सासरा गेल्याचा निरोप आला तवा मी वावरात निंदत होती. निरोप ऐकला अन् तशीच निंदत राह्यली. बाया म्हनत, ऊठ, घरी चाल. हातातली ओळ, पात पुरी केली तवा उठली."

"काऊन?"

"उठताच येईना मले."

सासऱ्यांबद्दल ती माझ्याजवळ पहिल्यांदाच बोलली होती.  मी दुसऱ्या पायाची गाठ सोडली. पायाच्या बोटांवर फोड आले होते, तिनं दिवसभर सांगितलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर आम्ही गावाकडं निघालो. वाटेत बऱ्याच दारांपुढं माणसं जमली होती, हळू आवाजात बोलत होती. आम्हाला कोणी थांबवलं नाही, आणि थांबायचं बळ आमच्यातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती. सासू दुपारपर्यंत झोपली. मी तिला उठवलं नाही.