तळहातावरचं पान

मी धरणगावला शिक्षक असताना ज्योत्स्ना माझ्या वर्गात होती. वर्गातलं घड्याळ पुढे गेलं की बाकीची मुलं खूश व्हायची. ही मात्र ते का पुढे जातं म्हणून माझ्या मागे लागायची. आता ती जळगावच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्रात संशोधन करते. काम ऐकायला मोठं, पाहायला कंटाळवाणं. पडद्यावर कपाशीच्या पानाचा फोटो येतो, ती त्याला ‘निरोगी’ किंवा ‘करपा’ असं नाव देते, मग पुढचा फोटो. अशी हजारो पानं दाखवली की संगणक स्वतः रोग ओळखू लागतो. मशीन फार तापलं तर ती खिडकी उघडते, फुटाणे खाते आणि करमणूक म्हणून दुसऱ्या कुणाचा बिघडलेला प्रोग्राम दुरुस्त करत बसते.

मागच्या हंगामात तिने आपला प्रोग्राम पारोळ्याजवळच्या एका गावात लोकांच्या मोबाइलवर दिला. झुलाल आबांनी कपाशीचं पान तळहातावर धरून फोटो काढला. उत्तर आलं, करपा. दुसरं पान धरलं, तेच उत्तर. त्यांच्या पत्नी भिकुबाई घाबरल्या. भर उन्हात त्यांनी औषध फवारलं, तेही जास्तीचं. पानं भाजली, बोंड धरण्याआधीच पाते, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळून पडले. आणि पिकाला मुळात काही झालेलंच नव्हतं.

ज्योत्स्नाने ते फोटो मागवून तपासले. संगणक फोटोत नेमकं कुठे बघून उत्तर देतो, तेवढा भाग रंगवून पाहता येतो. रंग पानावर नव्हताच, बोटांवर होता. मशीनला शिकवताना वापरलेले रोगट पानांचे फोटो शेतकऱ्यांनी शेतात पान हातावर धरून पाठवले होते. निरोगी पानं तिने स्वतः आणून प्रयोगशाळेत पांढऱ्या कागदावर मांडली होती. मशीन रोग शिकलंच नाही. हात दिसला की करपा, एवढंच शिकलं.

तिने प्रोग्राम त्याच दिवशी बंद केला. आता तिला निरोगी पानं हवी होती, पण निरनिराळ्या माणसांच्या हातांवर धरलेली.

“दुसऱ्या गावात जा,” तिचे मार्गदर्शक म्हणाले. “त्या गावात परत कशाला तोंड दाखवायचं?”

“तिथेही हाच प्रोग्राम देणार ना, सर? मग आधी या लोकांचं ऐकून घेते.”

त्या गावातली काही मंडळी माझे जुने विद्यार्थी, म्हणून तिने मला सोबत नेलं. माझा काही उपयोग झाला नाही.

दूध डेअरीच्या ओट्यावर माणसं बसली होती. आम्हाला पाहून कुणी सरकलंही नाही.

“काय वं पोरी,” झुलाल आबा म्हणाले, “आते कोनतं वावर जाळानं शे?”

“आबा, चूक मनी शे. तुमनी कपाशी चांगली व्हती.”

“ते आमले आधीच माहीत व्हतं. तुले आज समजनं!”

हशा पिकला, पण त्यात गंमत नव्हती. तिने बोटांची सगळी हकिगत सांगितली. आबांचा शेजारी सुकदेव म्हणाला, “म्हनजे आमना हातच रोगी, बरं का भो!” आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. बघता बघता ओट्यावरच्या बाकीच्यांनीही नेले.

मी हळूच तिला म्हटलं, “तूच धर की पानं.”

“मग मशीन माझाच हात पाठ करेल, सर. सगळी माझ्या हातातली पानं निरोगी.”

तेवढ्यात भिकुबाई आल्या. डेअरीमागच्या सुकदेवच्या शेतात शिरून त्यांनी एक हिरवंगार पान तोडलं, तळहातावर ठेवलं आणि हात ज्योत्स्नाच्या तोंडासमोर धरला.

“काढ फोटू. फवारा याच हातनी मारा व्हता. तुन्या मशीनले सांग, हाऊ हात वळखी ठेव. परत खोटं बोलनं तर तुनी मशीन हिरीत टाकसू.”

ज्योत्स्नाने फोटो काढला. भिकुबाईंनी पान मातीत फेकलं आणि पाठ फिरवून निघून गेल्या. चहाचं कुणी विचारलं नाही.

“एका हाताने भागायचं नाही, सुकदेवभाऊ,” ज्योत्स्ना म्हणाली.

“आज नही.”

“मग उद्या येते.”

“ये ना,” सुकदेव म्हणाला. हात अजून मागेच होते. “उद्याबी शिव्याच भेटतीन.”

“चालतील,” ती म्हणाली, आणि आम्ही एसटीच्या थांब्याकडे निघालो.