कॅमेऱ्याचा पट्टा

जगात कॅमेरा घेणारे पुष्कळ असतील. पण तो न घेण्यासाठी माझ्या मेहुण्याएवढे कष्ट कुणी उपसले नसतील. तेर गावच्या शाळेत क्लार्की उरकून तो रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येतो आणि नवशिक्याला परवडेल असा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा निवडत बसतो. गळ्यात घालायचा पट्टा आधीच घेतलाय. बॅग घेतलीय, तिच्यात डबा नेतो. ट्रायपॉडवर टॉवेल वाळतो. सोलापुरातून एक जुनी लेन्ससुद्धा आणलीय. "दाजी, बॉडी बदलती, लेन्स ऱ्हाती," हे वर.

"बायको बघताना एवढं बघितलं न्हाईस," माझी बायको, म्हणजे त्याची बहीण, चहा ठेवता ठेवता टोमणा मारते.

"तवा तुमीच सगळ्यांनी बघितली, अक्का. ह्ये तरी मला बघू दे."

त्याला खरं तर एकच फोटो हवा होता: पहाटेच्या अंधुक उजेडात मेंढरं घेऊन निघालेल्या वडिलांचा. मोबाईलमध्ये तो सगळा चिखल दिसायचा. मोठ्या सेन्सरला कमी उजेडातही दिसतं, म्हणून फुल-फ्रेमचा हट्ट. सासरे थकले होते. दिवाळीनंतर मेंढरं विकायची, असं घरात ठरलंही होतं.

आता सांगूनच टाकतो. त्याचा कॅमेरा दोनदा पक्का झाला होता. दोन्ही वेळा मोडता मी घातला. "ह्याची बॅटरी लवकर उतरते म्हणं." "ह्याला एकच कार्ड बसतं, बिघडलं तर?" मला त्यातलं काही कळत नाही, त्याचेच शब्द मी त्याला परत करायचो. कॅमेरा आला की हा माळावर जाईल आणि ओट्यावर मी एकटा उरेन, एवढंच मला कळत होतं.

मेंढरं न्यायला टेम्पो आला, त्या सकाळी त्यानं मला सासऱ्यांच्या खोलीत ओढलं. खिडकीवर घोंगडं टांगून त्याच्या भोकात लेन्स बसवली आणि मागं पांढरा कागद धरला. कागदावर काडेपेटीएवढ्या उजेडाच्या तुकड्यात बाहेरचं सगळं उलटं उतरलं. आभाळ खाली, मेंढरं वर, काठीला टेकलेले सासरे, आणि सगळं हलतं.

"निघालं की, दाजी," तो पुटपुटला.

मग टेम्पो गेला, सासरेही काठी टेकत बाजूला झाले. कागदावर नुसता माळ राहिला. त्यानं कागद बराच वेळ खाली घेतला नाही.

तो अजून रोज येतो. मला हवं होतं तेच झालं. ओट्यावर बसून गळ्यातला पट्टा बोटाला गुंडाळत राहतो. काल मी म्हणालो, "कुठलाही घे, बाबा. उद्याच जाऊ सोलापूरला."

"बघू की, दाजी," तो म्हणाला. "आता कशाची घाई हाय?"