लोहारानं कसलेला नट

तो लोहार मला पहिल्यापासून डोळ्यांत खुपायचा. म्हातारा झाला तरी त्याचा हात चांगला होता, आणि मिस्त्री म्हणून गावात नाव माझं होतं.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना. आमच्या जिनिंगच्या मालकांनी ठरवलं, पिंगळी स्टेशनावर कापसाच्या गठाणी नेणाऱ्या लॉरीला मागं दोनचाकी गाडी जोडायची, म्हणजे एका खेपेत दुप्पट माल जाईल. गाडी लॉरीला अडकवायचा जुना लोखंडी आकडा मीच भंगारातून निवडून आणला. लॉरीही मीच चालवायचो, त्यामुळे तोरा मोठा. लॉरीच्या चेसीला जाड लोखंडी पट्टी ठोकायची आणि पट्टीच्या भोकात आकडा नटानं कसायचा, एवढं काम लोहाराकडं आलं.

पट्टी त्यानं अशी बसवली की मधे नख जाईना. मग आकड्यावर हातोडी वाजवून कान लावला.

"मिस्तरी, आवाज बद्द यायलाय. मानेत चीर हाय ह्याच्या. ह्यो नगा लावू."

तो आवाज मीही ऐकला होता. पण मालक समोर उभे होते.

"बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारा माणूस तू," मी म्हणालो, "मोटारीतलं तुला काय कळतंय? सोताच्या कामाचा भरवसा नसंल तर तसं सांग की!"

जमलेले लोक हसले. म्हाताऱ्यानं मान खाली घालून आकडा बसवला, नट कसला.

चाकांना नव्या धावा चढवल्या की पहिल्या खेपेला लोहारानं स्वतः गाडीत बसायचं, अशी आमच्याकडची रीत होती. मालकांना या कामालाही ती आठवली. खोटं कशाला बोलू, मीच आठवण करून दिली. तो मुकाट्यानं मागच्या गाडीत गठाणींवर जाऊन बसला.

"आकड्याचं मी सांगत न्हाई," एवढंच म्हणाला, "नट मातर सुटायचा न्हाई."

ओढ्याच्या चढावर आकडा मानेतून तुटला. मागची गाडी घसरत जाऊन कलंडली आणि त्याचा उजवा हात गठाणींखाली चिरडला. आम्ही दोघंच होतो. तो गुरासारखा ओरडत होता, आणि मी आधी पाना काढला. आकड्याचा अर्धा तुकडा पट्टीतच राहिला होता. नट इतका घट्ट होता की दोन्ही हातांनी लोंबकळून फिरवावा लागला. दोन्ही तुकडे आणि नट ओढ्याच्या पाण्यात टाकले, मग शेतातल्या माणसांना हाका मारल्या. त्या ओरडण्याची मला कीव आली नाही. नोकरीची भीती वाटत होती.

परभणीच्या दवाखान्यात त्याचा हात कोपरापासून कापला. शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "मिस्तरी, आकडाच तुटला न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो. "तुझा नट ढिला ऱ्हायला व्हता."

त्यानं डाव्या हातानं बँडेज चाचपलं. मग म्हणाला, "असंल. वय झालं आता."

नवा आकडा मी त्याच्याच पट्टीत बसवला आणि पुढं कितीतरी वर्षं माल ओढला. पट्टी तसूभर हलली नाही. म्हातारा पारावर बसलेला असायचा. हाताचं कुणी विचारलं की स्वतःच सांगायचा, "नट ढिला ऱ्हायला माझ्याकडनं. मिस्तरीचा काय दोष न्हाई."