उजवीकडून पोचलेली डाक

रुखमाबाईची नोकरी जायची वेळ आली ती एका सायकलीपायी.

नागपूरला धरमपेठेच्या अंगाला मुलींचं एक हॉस्टेल होतं. दुमजली, कौलारू, साठ-पासष्ट मुलींचं. रुखमाबाई तिथं छप्पन सालापासून होती. मस्टरवर तिच्या नावापुढे ‘मोलकरीण’ असं लिहिलेलं असे. पण त्या हॉस्टेलात राहून गेलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. हॉस्टेल रेक्टर कुसुमताई चालवत होत्या हे खरं, पण ते चालत होतं रुखमाबाईमुळे, असंच ती सांगेल.

रविवारी भेटीच्या वेळेला ती फाटकाशी उभी राही. कोण खरा मामा, कोण खरा भाऊ आणि कोण नुसताच ‘भाऊ’, हे तिला माणूस सायकलवरून उतरायच्या आधी कळायचं. अशा उसन्या भावांना ती फाटकातूनच वाटेला लावी, आणि वर त्या मुलीला आठवडाभर एका शब्दानं टोमणा मारत नसे. खालून तिनं हाक दिली की वरच्या मजल्यावर न्हाणीघरात बसलेल्या मुलीलाही ऐकू जाई. पाटोडीचा रस्सा असला की प्रॅक्टिकलहून उशिरा येणाऱ्या मुलींसाठी एक पातेलं ती चुलीमागे दडवून ठेवी, आणि मेसच्या आचाऱ्याची छाती होत नसे तिला विचारायची.

पण तिच्या मनातलं तिचं खरं काम म्हणजे डाक. रोज सकाळी दहाला कुसुमताईंनी दिलेली कापडी पिशवी काखेत मारून ती कॉलेजात जाई. आजारी मुलींच्या चिठ्ठ्या, अर्ज, फॉर्म, सगळं त्यात असे. येताना मुलींची पत्रं घेऊन येई. अकरा वर्षांत एक कागद गहाळ झाला नव्हता, आणि तिला स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. कळमेश्वरजवळच्या खेड्यातून, नवरा गेल्यावर, दिराच्या घरात भांडीधुणी करत बसण्यापेक्षा बरं म्हणून ती इथं आली होती. त्या पिशवीनं तिला चारचौघांत मान दिला होता. कॉलेजातला हेडक्लार्कसुद्धा पिशवी घेताना ‘या’ म्हणत असे. आयुष्यात तिला ‘या’ म्हणणारा तो पहिला माणूस.

सहासष्ट साली कॉलेज नव्या इमारतीत गेलं. हॉस्टेल होतं तिथंच राहिलं. आधी दोन्हींच्या मध्ये एक कुंपण होतं, आता दोन मैल आले. रुखमाबाई पायी निघाली की जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास. एकदा परीक्षेचे फॉर्म उशिरा पोचले, मुलींना विनवण्या कराव्या लागल्या आणि विषय संचालक मंडळापुढे गेला.

मंडळाचे सचिव मनोहरराव शिस्तीचे गृहस्थ होते. वाईट नव्हते, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी ठरवलं की हॉस्टेलला एक शिपाई नेमायचा, सायकल येणारा. नोकरासाठी खोली एकच, मागच्या बाजूची, रुखमाबाई राहत होती ती. तेव्हा शिपाई आला की रुखमाबाईनं गावी जावं. माणूस एक मार्चला येणार होता. सायकल मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच आली. काळी कुळकुळीत, मधे दांडा असलेली, पुरुषी. व्हरांड्यात ती टेकवून ठेवली.

रुखमाबाईनं दिवसभर त्या सायकलीकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी ती कुसुमताईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“ताई, मले एक सांगा. साहेबाले सायकल चालवणारं कोणी पाह्यजे का बाप्या माणूसच पाह्यजे?”

कुसुमताई कमी बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मनोहररावांना विचारते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आणला: बाईमाणसाचं हे काम नव्हे, पण अठ्ठावीस तारखेला सकाळी दहाला हॉस्टेलहून निघून वीस मिनिटांत डाक सायकलनं कॉलेजात पोचली, तर विचार करू. ही मनोहररावांची थट्टा होती. एक्केचाळीस वर्षांची, लुगडं नेसणारी बाई, आणि सायकल! रुखमाबाईला थट्टा कळली. तिनं ती कामाची अट म्हणूनच धरली.

शिकवायला पुढे आली गोपिका. काटोलकडची, शेतकऱ्याची पोर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गावी ती भावाची सायकल चोरून चालवत असे. इथं तिची पंचाईत अशी झाली की गोल पातळ नेसून त्या दांड्याच्या सायकलवर तिला टांग टाकता येईना. हॉस्टेलातल्या एकाही शिकल्यासवरल्या मुलीला त्या सायकलीवर चढता येत नव्हतं. आणि रुखमाबाईचं लुगडं तर कास्ट्याचं! मागे खोचलेलं, दोन्ही पाय मोकळे. अडाणी म्हणून ज्या नेसण्याला मुली हसायच्या, तेच नेसणं तेवढं त्या सायकलीला चालत होतं. त्या दिवसापासून हसणं बंद झालं.

हॉस्टेलच्या मागच्या अंगणात पिंपळाचा पार होता. पारावर शेंदूर लावलेला एक दगड. परीक्षा आल्या की मुली त्याला प्रदक्षिणा घालत, अगदी केमिस्ट्रीवाल्यासुद्धा. वर्षानुवर्षं मुलींच्या फिरण्यानं पाराभोवती एक गुळगुळीत वाट पडली होती. बाकी सगळं अंगण मुरूम आणि गोटे. तेव्हा शिकायला जागा ती एकच. दुपारी कुसुमताई आडव्या झाल्या की रुखमाबाई पारावर चढे, तिथून सायकलवर बसे, गोपिका कॅरिअर धरून मागे धावे. पहिल्या आठवड्यात रुखमाबाईची दोन्ही कोपरं सोलली. तिसऱ्या आठवड्यात गोपिकेनं कॅरिअर सोडला तरी ती फिरतच राहिली, पंधरा-पंधरा फेऱ्या, आणि वरच्या गॅलरीतून मुली टाळ्या वाजवू लागल्या.

फेऱ्या सगळ्या उजव्या हाताला पार ठेवून. गोपिकेनं दोनदा सांगून पाहिलं, आता उलटीकडून फिर. रुखमाबाईनं साफ नकार दिला. देवाला उलटं फिरायचं पाप तिच्यानं होणार नव्हतं. गोपिकेनं फार वाद घातला नाही. तिची स्वतःची परीक्षा मार्चात होती.

याचा अर्थ काय होतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सव्वीस तारखेला दोघी सायकल घेऊन फाटकाबाहेर गेल्या. रुखमाबाई सरळ गेली, झोकात गेली. कोपरा आला, डावीकडे वळायचं होतं. हात वळेना, अंग वळेना. सायकल मेहंदीच्या कुंपणात आणि रुखमाबाई त्याच्या पलीकडे. गोपिकेनं सायकल धरून पुन्हा बसवलं. तीनदा केलं, तीनदा तेच. उजवीकडे मात्र लोण्यासारखी वळे. तीन आठवडे तिचं अंग एकाच बाजूला कलायला शिकलं होतं.

आणि कॉलेजला जायचं म्हणजे चौकात डावीकडे वळायचं. उतरून चालत वळावं, तर पारासारखी उंच जागा असल्याशिवाय तिला परत चढता येत नव्हतं. एकदा बसली की मुक्कामालाच उतरायचं.

गोपिका पारावर बसून रडायला लागली. आपण शास्त्र शिकतो आणि हे आपल्याला कळलं नाही, याचं तिला फार लागलं. एक तारखेनंतरचं दिराचं अंगण रुखमाबाईला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण ती रडली नाही. ती लुगड्याला लागलेले काटे काढत बसली. अकरा वर्षं त्या भागातली एकेक गल्ली तिनं पायानं तुडवली होती. ती मनातल्या मनात त्या गल्ल्यांतून चालत होती.

“रडून काहून राहिली वं?” ती शेवटी म्हणाली. “चौकात वळतोच कायले मी? सरळ जातो. पुढं दुधाच्या डेअरीपाशी उजवीकडं, मंग दवाखान्यापाशी उजवीकडं, मंग पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडं. परत त्याच चौकात येतो, पण तोंड कॉलेजाकडं राह्यते. मंग सरळ.”

गोपिकेनं खडूनं पारावर आकृती काढली. बरोबर होतं. फक्त वाट पाव मैलानं वाढत होती, आणि मिनिटं वीसच होती.

अठ्ठावीस तारखेला सकाळी साडेनऊपासून मुली वरच्या गॅलरीत जमल्या. कुसुमताईंनी त्यांना हाकललं नाही, हेच नवल. त्यांनी पिशवी स्वतःच्या हातानं रुखमाबाईच्या खांद्याला अडकवली आणि घड्याळात दहा वाजल्यावर फक्त “निघा” म्हणाल्या. रुखमाबाई पारावरून सायकलवर बसली आणि फाटकातून बाहेर पडली.

मनोहरराव कॉलेजच्या पोर्चमध्ये घड्याळ धरून उभे होते. तिथून चौकापर्यंतचा सरळ रस्ता दिसतो. दहा वाजून अकरा मिनिटांनी त्यांना चौकात लुगडं दिसलं. ते डावीकडे वळलं नाही. सरळ निघून गेलं. हेडक्लार्क हळहळला, चुकली बिचारी म्हणाला. मनोहररावांनी घड्याळ खिशात टाकलं.

ती वाट रुखमाबाईच्या जन्मभर लक्षात राहिली. डेअरीपाशी दोन म्हशी आडव्या आल्या, तिनं घंटी वाजवली नाही, आपल्या नेहमीच्या आवाजात त्यांना हाक दिली, आणि म्हशी हटल्या. दवाखान्यापाशी लोक थांबून बघायला लागले. कुणी शीळ घातली, कुणी हसलं, एक म्हातारी “वा वं पोरी” म्हणाली. टाकीपाशी वळताना तिला धाप लागली होती, पण कॉलेजचं फाटक समोर दिसलं आणि तिच्या जिवात जीव आला. आपण या रस्त्यावर सगळ्या माणसांच्या डोक्यावरून बघतो आहोत हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. पायी जाताना तिला इतकं लांबवरचं कधी दिसलं नव्हतं. तिला अतोनात आनंद झाला.

पोर्चपाशी तिनं उडी मारली तेव्हा मनोहररावांना खिशातलं घड्याळ पुन्हा काढावं लागलं. दहा वाजून अठरा.

हेडक्लार्क पुढे झाला, “या” म्हणाला आणि पिशवी घेतली. मनोहररावांनी विचारलं, चौकातून सरळ का गेलीस? काहीही सांगता आलं असतं. गर्दी होती, गुरं होती. रुखमाबाईनं पदरानं घाम पुसला.

“मले डावीकडं वळता येत नाई, साहेब. तीन डाव उजवीकडं वळून आलो.”

आपण हातचं घालवलं की काय असं तिला वाटलं, पण खोटं सांगून मिळवलेल्या खोलीत तिला झोप लागली नसती. मनोहरराव चौकाकडे बघत राहिले. बोटानं हवेत त्यांनी तीन वळणं काढून पाहिली.

“डाक अठरा मिनिटांत आली,” ते हेडक्लार्कला म्हणाले. “तेवढंच लिहा.”

रुखमाबाई तरी हलेना. कागद हातात मिळाल्याशिवाय ती जाणार नव्हती. शेवटी त्यांनी तिथंच चिठ्ठी लिहून सही केली. हॉस्टेलात आल्यावर तिनं ती गोपिकेकडून दोनदा वाचून घेतली. रुखमाबाई नत्थूजी ठाकरे, शिपाई, एक मार्चपासून. ‘मोलकरीण’ कुठं लिहिलंय ते तिनं विचारलं. कुठंच नाही, गोपिका म्हणाली.

डावं वळण ती पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकली, कॉलेजच्या रिकाम्या मैदानावर, जिथं मधे कुठला देव नव्हता. मग सतरा वर्षं तिनं डाक नेली. उन्हात डोक्याला ओला पंचा बांधून नेली, एकदा संचारबंदीत पोलिसाला दटावून नेली. गोपिका वर्ध्याला प्राध्यापक झाली. नव्या नव्या मुली येत, फाटकात सायकल घेऊन उभ्या असलेल्या या बाईकडे आधी टकमक बघत आणि वर्षाच्या आत बापाकडे सायकल मागत.

चौऱ्याऐंशी साली ती निवृत्त झाली. तोवर कुसुमताई गेल्या होत्या, मनोहरराव थकले होते, पण तिच्या जागेची जाहिरात त्यांनी स्वतः लिहिली. नव्या रेक्टरबाईंनी तिला बोलावून ती वाचून दाखवली: हॉस्टेलसाठी शिपाई पाहिजे. फक्त महिलांनी अर्ज करावा. सायकल चालवता येणे आवश्यक.

मुलाखतीच्या सकाळी रुखमाबाई फाटकाशी उभी होती. नऊ वाजल्यापासून बाया यायला लागल्या. नंदनवनहून आल्या, बेसाहून आल्या, एक तर थेट कळमेश्वरहून, पहाटे निघून. कुणाला तिनं काही विचारलं नाही. प्रत्येकीची सायकल हातानं धरून भिंतीशी नीट लावून ठेवत ती प्रत्येकीला म्हणत होती, “या.”