हात दिसतील इतकी रेंज

डिसेंबरात कुठे जायचं यावरून आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. यंदा झाला नाही, कारण यंदा मी एकटीच निघाले. बी.एड.ला माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी वंदना आदिलाबाद जिल्ह्यात मराठी शाळेवर शिकवते आणि कित्येक वर्षं मला बोलावते आहे. दिवाळीनंतर तिचा फोन आला. गावात टॉवर उभा राहिलाय म्हणाली, आता चालू झाला की तू इथून कामही करू शकशील. मी म्हटलं, चालू झाल्यावर कशाला, आत्ताच येते. चार दिवस फोन बंद राहिला तर बरंच आहे, असं तेव्हा मला मनापासून वाटत होतं.

नागपूरहून सकाळी लवकर निघालात तर हिंगणघाट, पांढरकवडा करत दुपारच्या आत आदिलाबाद गाठता येतं. रस्ता चारपदरी आणि चांगला आहे. पैनगंगा ओलांडली की पाट्यांवरची अक्षरं बदलतात, शेतं मात्र तीच राहतात. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्येच ज्वारीचा पट्टा, रस्त्याकडेला पाठीवर गाठोडी घेऊन चाललेल्या बायका. मावला मागे टाकून मी इचोड्याला थांबले. ट्रकवाल्यांच्या धाब्यावर भात, वरण आणि झणझणीत चटणी मिळाली. भाकरी मागितली तर मालकाने आतून घरची आणून दिली. तुम्ही या बाजूला जाणार असाल तर पेट्रोल इथेच भरा आणि रोख पैसे इथेच काढून ठेवा. पुढे फोनने पैसे देता येत नाहीत. नकाशाही आधीच उतरवून ठेवा. मी ठेवला नव्हता, आणि सागाच्या जंगलात दुसऱ्या वळणावरच माझा नकाशा गोठला. मग रस्ता विचारत विचारत गेले.

गावाचं नाव देत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना ते आवडणार नाही. गाव लहान आहे, कापसाचं आहे आणि बोली वऱ्हाडी आहे. शाळेमागे तो टॉवर. तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप, खाली गवत गुडघ्याएवढं. गावाने दरखास्ती दिल्या, तहसीलला फेऱ्या मारल्या, तेव्हा तो उभा राहिला. आता कुणी म्हणतं वीजजोडणी बाकी आहे, कुणी म्हणतं केबल यायची आहे. साधा फोन लागतो, तोही शाळेच्या अंगणाच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तर. इंटरनेट मात्र नाही. वंदना म्हणाली, "येणारा-जाणारा एकदा वर पाहतो. सवयच झाली आहे."

संध्याकाळी शेजारच्या कमलबाईंकडे जेवायला गेलो. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. कमलबाई पन्नाशीच्या, फार न बोलणाऱ्या. त्यांचे यजमान नामदेवराव गप्पिष्ट. त्यांच्याकडूनच मला त्यांच्या मुलीची गोष्ट कळली.

रेखा जन्मापासून ऐकू न येणारी. लहानपणी हैदराबादला कर्णबधिर मुलांच्या शाळेत घातली, आता तिथेच शिवणाच्या कारखान्यात कामाला आहे आणि तिच्यासारख्याच मुलींच्या वसतिगृहात राहते. तिला तेलुगू वाचता-लिहिता येतं. कमलबाईंना कुठलीच अक्षरं येत नाहीत. मायलेकींची भाषा हातांची आहे, रेखा चालायला लागली तेव्हापासून दोघींनी मिळून बनवलेली. साध्या फोनचा त्यांना काही उपयोग नाही. हात दिसायला हवेत, आणि हात दिसायला चांगली रेंज हवी. रेखाने पहिल्या कमाईतून आईला मोठा फोन घेऊन दिला. तो घेऊन कमलबाई रेखाच्या सुटीच्या दिवशी जीपने इचोड्याला जातात, तिथल्या चहाच्या हॉटेलात बसतात, मुलीला बघतात, बोलतात आणि परत येतात.

आता रेखाला स्थळ आलं होतं. मुलगा बेज्जूरकडचा, जंगलाच्या आतल्या गावातला. त्यालाही ऐकू येत नाही. शेती आहे, माणसं चांगली आहेत, हुंडा-बिंडा काही मागत नाहीत. नामदेवरावांनी वसतिगृहाच्या बाईंना फोन करून मुलीला विचारायला सांगितलं होतं. उत्तर एका शब्दात आलं होतं, "सरे." तेलुगूत ठीक आहे. परवा मुलाकडच्यांना होकार कळवायचा होता. नामदेवराव हे सांगताना खूश होते. या मुलीचं कसं होणार ही काळजी त्यांनी इतकी वर्षं वाहिली होती.

कमलबाई ताटं उचलायला उठल्या. आम्ही निघालो तेव्हा त्या वंदनाच्या मागे अंगणापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, उद्या तिले सुटी हाय, इचोड्याले जाचं हाय. सरे तर ती सगळ्याइलेच म्हनते. मी इचारल्याबिगर मले नाई समजत."

जीपची वाट कशाला बघायची, माझी गाडी आहे, असं मी म्हणाले.

सकाळी आम्ही तिघी निघालो. नामदेवराव वेचणीला गेले होते. इचोड्याला रस्त्यावर ट्रक आणि माणसांची गर्दी होती. कमलबाई नेहमीच्या हॉटेलात मागच्या बाकावर बसल्या. पदराने फोन पुसला आणि पाण्याच्या जगला टेकवून उभा केला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. फोन लागला. पडद्यावर वेणी घातलेली, हसरी मुलगी दिसली. कमलबाईंनी स्वतःच्या कानाची पाळी ओढली. ती त्यांची हाक होती. मग त्यांनी कपाळावर कुंकू लावल्यासारखं केलं आणि तळहात उघडून पुढे धरला. रेखाचा हात वर आला आणि तिथेच थांबला.

चित्र गोठलं होतं. जरा वेळाने हललं तेव्हा हात खाली आलेला होता आणि मधलं काय ते गेलं होतं. कमलबाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. चेहऱ्याचे चौकोन झाले, मग फोनच तुटला. गर्दीमुळे असेल किंवा आणखी कशामुळे, पण त्या दिवशी इचोड्याला एकदाही सलग दोन वाक्यं दिसली नाहीत. आवाज तुटला तरी माणूस अंदाज बांधतो. हात अर्ध्यावर थांबला की काहीच उरत नाही.

कमलबाईंनी हात मांडीवर ठेवले. "ताई, ती हो म्हनून राह्यली का नाई, मले दिसलंच नाई."

वंदना म्हणाली, आदिलाबाद शहराजवळ रेंज चांगली असते. आम्ही पुन्हा गाडीत बसलो आणि मी नागपूरहून आले होते त्या वाटेने उलटे, शहरालगतच्या मावल्यापर्यंत गेलो. रस्ताभर कमलबाई फोन दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. मावल्याला एका कडुलिंबाखाली गाडी लावली, फोन बॉनेटवर टेकवला, आणि या वेळी चित्र स्वच्छ आलं.

त्या दोघी किती वेळ बोलल्या ते मी पाहिलं नाही. मला एक शब्द कळत नव्हता, तरी नजर हलवता येत नव्हती. कमलबाई घरात इतक्या गप्प, पण इथे त्यांचे हात धावत होते, भुवया वर जात होत्या, खांदे बोलत होते. एकदा त्या हसल्या. मग रेखाने एक खूण केली ती आईला समजली नाही. तिने हात कोपरापासून सरळ वर नेला, बोटं टोकाशी जुळवली आणि नकारार्थी मान हलवली. कमलबाईंनी तळहात पसरले, म्हणजे काय? रेखाने स्वतःच्या फोनकडे बोट केलं आणि मग दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

बराच वेळ ती तशीच राहिली. कमलबाईंचे हात थांबले.

फोन संपल्यावर त्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या. रेखाचं म्हणणं त्यांनी आम्हाला सांगितलं. मुलगा वाईट नाही, ती त्याच्याशी बोललीही होती, तो कामाला हैदराबादला आला होता तेव्हा. पण ते गाव जंगलात आहे. "तिथं टॉवर नाई म्हनते. मंग मी दिसभर बोलू कोनासंगं, इचारते." तो शेतावर गेला की घरात तिचे हात कुणाला कळणार? वसतिगृहातल्या मैत्रिणी, आई, सगळे एकदम बंद.

मग कमलबाई म्हणाल्या, "घरी काऊन येत नाई, ते बी सांगितलं."

दिवाळीला रजा मिळाली नाही, असं रेखाने कळवलं होतं. रजा मिळाली होती. गावात आलं की आईशिवाय कुणाशीच बोलता येत नाही, आणि आई दिवसभर शेतात. दुसऱ्या दिवसापासून जीव घाबरतो, म्हणून ती आली नव्हती. आईला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती.

 परतताना इचोड्याला मी चहासाठी थांबू का विचारलं, तर कमलबाईंनी नको म्हणून मान हलवली.

नामदेवराव अंगणात कापूस पसरत होते. कमलबाईंनी तिथेच उभ्या राहून सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. रागावले नाहीत, पण चेहरा उतरला. "मले काऊन नाई सांगितलं तिनं?" एवढंच म्हणाले.

कमलबाईंचा आवाज शांत होता. "तुमाले तिचे हात कुठं समजतात?"

त्यांना मुलीच्या दोनच खुणा येत होत्या, जेवण आणि ये. ते कापूस पसरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाकडे नकार कळवायला ते स्वतः गेले. अशा गोष्टी फोनवर सांगू नयेत म्हणाले.

मीही त्याच सकाळी निघाले. इचोड्यापुढे थोडं दक्षिणेला कुंताळा धबधबा आहे. जाणार असाल तर पावसाळा सरता सरता जा, डिसेंबरात पाणी कमी असतं, आणि पायऱ्या उतरायला चांगले बूट घाला. मी पाहून आले, पण मन तिथे नव्हतं. मावल्याला तो कडुलिंब आला तेव्हा मी गाडी हळू केली. थांबले मात्र नाही.

फोन बंद राहिला तर बरं, असं म्हणत मी घरातून निघाले होते. बंद करणं माझ्या हातात होतं म्हणून ते मला सुख वाटत होतं. नागपूरला परतल्यापासून हे वाक्य मी पुन्हा कुणाजवळ बोलले नाही. घरात आम्ही सगळे वेगवेगळ्या खोल्यांत आपापले पडदे घेऊन बसतो, तेव्हा मला कमलबाईंचे धावणारे हात आठवतात.

गेल्या आठवड्यात वंदनाचा फोन आला. टॉवरची तपासणी करायला माणसं येऊन गेली, आता लवकरच, असं सांगून गेली. कुलूप तसंच आहे. मुलाकडचे रागावले नाहीत, त्यांच्याही घरात मुलाचे हात कुणाला समजत नसावेत.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. परवाच्या सुटीला नामदेवराव कमलबाईंबरोबर इचोड्याला गेले. आठवडाभर त्यांनी बायकोकडून एक वाक्य शिकून घेतलं होतं. मिशीवर बोट म्हणजे बाप, मग तळहात डोक्यावर ठेवायचा, म्हणजे समजलं. फोन लागला, ते पडद्यासमोर बसले, मिशीला बोट लावलं, हात डोक्यावर ठेवला, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. हॉटेलातली माणसं पाहत होती. कमलबाई म्हणाल्या, घ्या आता खाली, मंग परत करा. त्यांनी ऐकलं नाही. तिकडे रेखाचा चेहरा पुन्हा हलेपर्यंत ते हात डोक्यावर ठेवून तसेच बसून राहिले.